नोंदवहीतले ०.७५

घड्याळ उलटं चालवायचं तर शून्य कुठे धरायचं हे आधी ठरवावं लागतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. रविवार, २१ मे २००० रोजी दुपारी दीड वाजता तिथल्या आरोग्य विभागाने ‘नळाचं पाणी उकळून प्या’ अशी सूचना काढली. शून्य तिथे धरू. खरं तर तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. सात माणसं मरणार होती, दोन हजार तीनशेहून अधिक आजारी पडणार होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात ते पाणी कधीच गेलेलं होतं. पण गावाला कळलं ते त्या दुपारी. त्याआधीचे दोनशे तास पाणी बोलत होतं. ते ऐकायचं साधन एका छोट्या डबीत मावण्याएवढं होतं, आणि ती डबी कोणी उघडली नाही.

२०० तास आधी. शनिवार, १३ मे, पहाट

पाऊस नुकताच पडून गेलेला. ८ ते १२ मे या पाच दिवसांत १३४ मिलिमीटर, त्यातला ७० मिलिमीटर एकट्या शुक्रवारी, १२ तारखेला. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या भागात एवढा पाऊस म्हणजे शेतांत तळी साचली.

गावाला तीन विहिरींचं पाणी येई. ५, ६ आणि ७ असे त्यांचे नंबर. विहीर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते ती पायऱ्यांची नव्हे. आपण जिला बोअर म्हणतो तसली. त्यातली पाच नंबरची फार उथळ. खोली १५ मीटर, आणि पाणी घ्यायची ते साडेपाच ते साडेसात मीटरच्या पट्ट्यातून, तडा गेलेल्या खडकातून. वर मातीचा थर अडीच मीटरचा. म्हणजे जमिनीवर जे पडेल ते गाळून घ्यायला फारसं काही मध्ये नव्हतंच. शेजारी गुरांचं शेत. तिथे एप्रिलअखेर शेणखत पसरलेलं. त्या शेतकऱ्याने सगळे नियम पाळले होते, चौकशीत त्याच्यावर कसलाही ठपका आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचक त्याच्यावरच बोट ठेवून मोकळा होतो.

ही विहीर कच्ची आहे हे ती खणली तेव्हाच कळलं होतं. १९७८ मध्ये पंप लावून चाचण्या घेतल्या तेव्हाच पाण्यात जंतू दिसले होते, गढूळपणा कमीजास्त होत होता. तरी परवानगी मिळाली, आणि परवानगीत देखरेखीची एकही अट घातली गेली नाही. १९९४ मध्ये प्रांताने नियम सुधारला: जमिनीवरचं पाणी ज्या विहिरीत थेट उतरतं तिथे क्लोरीन आणि गढूळपणा अखंड मोजणारी यंत्रं हवीत. पण जुन्या विहिरी पुन्हा तपासून कोणती या वर्गात बसते हे ठरवायचं काम कोणावरच सोपवलं नाही. नियम कागदावर आला आणि पाच नंबर होती तशीच राहिली.

शेणातले जंतू पावसाबरोबर मातीतून खडकाच्या भेगांत आणि भेगांतून पंपात उतरले ते १२ मेच्या सुमारास. त्यात ई-कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार होता आणि कॅम्पायलोबॅक्टरही होता. त्या आठवड्यात गावाचं मुख्य पाणी याच विहिरीचं होतं.

१९२ तास आधी. शनिवार, १३ मे, दुपार

पाणीपुरवठ्याचा मुख्य व्यवस्थापक स्टॅन कोबेल ५ तारखेपासून बाहेरगावी. एका परिषदेला गेला होता. मागे त्याचा भाऊ फ्रँक, तिथला फोरमन. फ्रँक पाच नंबरवर आला, पंप पाहिला, नोंदवही उघडली आणि ‘शिल्लक क्लोरीन’ या रकान्यात लिहिलं: ०.७५ मिलिग्रॅम प्रति लिटर.

पाणी त्याने तपासलं नव्हतं.

हा आकडा म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. पाण्यात क्लोरीन किती घातलं याला फारसा अर्थ नसतो. घाण, गाळ, सेंद्रिय पदार्थ आधी त्याच्यावर तुटून पडतात; जंतूंना उरेल ते. आपल्या पंगतीचंच बघा. भात पुरला का, हे किती किलो शिजवला यावरून कळत नाही. शेवटची पंगत उठल्यावर पातेल्यात काही उरलं का, यावरून कळतं. पातेलं खरवडलेलं असेल तर कोणीतरी अर्धपोटी उठलेलं असणार. शिल्लक क्लोरीन म्हणजे पातेल्यातला तो उरलेला भात. शिल्लक शून्य निघाली तर घातलेलं सगळं क्लोरीन घाणीने खाल्लं, आणि जंतू मेले की नाहीत याची काहीही खात्री नाही.

म्हणून ऑन्टॅरिओत दंडक असा होता की पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतरही पाण्यात ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसली पाहिजे. तेवढी राहिली असती तर ई-कोलायसारखे ९९ टक्क्यांहून अधिक जंतू मेले असते. या ‘टक्क्यां’कडेही सावधपणे पाहावं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या हॅरिएट चिक यांनी १९०८ मध्ये मांडलेला नियम सांगतो की निर्जंतुकीकरणात सारख्या वेळात सारखा ‘हिस्सा’ मरतो, सारखी संख्या नव्हे. पहिल्या टप्प्यात दहातले नऊ गेले, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले पुन्हा दहातले नऊ. या प्रत्येक दहापटीला पाण्याच्या धंद्यातले लोक एक ‘लॉग’ म्हणतात. ९९ टक्के म्हणजे दोन लॉग. दहा लाख जंतूंतले दोन लॉग गेले तरी दहा हजार जिवंत असतात. तेव्हा क्लोरीन किती आणि किती वेळ, या दोन्हींचा गुणाकार पाहिल्याशिवाय ‘पाणी शुद्ध केलं’ या वाक्याला किंमत नाही.

ही तपासणी अवघड म्हणावी तर तसंही नाही. कुपीत पाणी घ्या, औषध टाका, रंग चढतो, तो शेजारच्या रंगाशी ताडून पाहा. आपल्या खेड्यांत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर नळाच्या पाण्याची ‘ओटी’ घेतात ती हीच. थेंब टाकला की पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, नाही आली तर नाही. पाच मिनिटांचं काम. ते न करता रजिस्टर भरणारी माणसं फक्त कॅनडात असतात असं समजायचं कारण नाही.

त्या दुपारी पाच नंबरला कुपी कोणी धरली असती तर शिल्लक जवळपास शून्य निघाली असती.

१६८ तास आधी. रविवार, १४ मे

पुन्हा ०.७५. तेही न मोजता.

पुढे चौकशीत उघड झालं की हे त्या दोन दिवसांचं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या रकान्यात ०.५ नाहीतर ०.७५ असेच आकडे पडत आले होते. घातलं जाणारं क्लोरीनही दंडकापेक्षा कमी असे. कारण ऐकलं की माणूस गप्प होतो. गावातले लोक क्लोरीनच्या वासाची तक्रार करत, आणि खुद्द कोबेल भावांना विहिरीचं पाणी मुळातच चांगलं वाटे. ते स्वतः ते कच्चं पीत. दुष्ट माणसं नव्हती ती. आपलं पाणी गोड आहे, या जुन्या विश्वासाने त्यांची परीक्षेची गरजच संपवून टाकली होती. गावोगावची ही श्रद्धा आपल्याला परकी नाही.

१९९८ मध्ये सरकारी तपासणीत शिल्लक क्लोरीन कमी आणि शुद्ध केलेल्या पाण्यात ई-कोलाय असल्याचं दिसलंही होतं. पत्र गेलं. पुन्हा तपासायला मात्र कोणी आलं नाही.

१५१ तास आधी. सोमवार, १५ मे, सकाळी ६

स्टॅन कामावर परतला आणि त्याने सात नंबरची विहीर सुरू केली. तिथे नवं क्लोरीनयंत्र बसवून झालं असेल असा त्याचा समज. काही तासांत कळलं की बसलेलं नाही. ते यंत्र डिसेंबर १९९८ मध्ये आलेलं, तेव्हापासून खोक्यात. तरी त्याने विहीर बंद केली नाही. दुपारी पाच नंबर बंद झाली, आणि तिथून पुढे गावाच्या नळांत सात नंबरचं, क्लोरीन नसलेलं पाणी वाहू लागलं. सातचं पाणी रोगाचं मूळ नव्हतं. पण नळांत आधीच शिरलेल्या जंतूंना अडवायला आता थेंबभर क्लोरीन उरलं नाही.

नोंदवहीत पाच नंबरपुढे सोमवारचेही ०.७५ आहेत.

त्याच दिवशी नेहमीचे नमुने भरून प्रयोगशाळेकडे गेले. बाटलीवर एका जागेचं नाव आणि आत दुसऱ्याच जागेचं पाणी, ही तिथली आणखी एक जुनी सवय. म्हणजे कोणत्या बाटलीत कुठलं पाणी आहे हेही चौकशीला पुढे तर्काने लावावं लागलं.

१०० तास आधी. बुधवार, १७ मे

प्रयोगशाळेचा फोन आला, मागून फॅक्स. नमुन्यांत ई-कोलाय. ‘सात नंबर, शुद्ध केलेलं’ असं नाव असलेल्या बाटलीत १०० मिलिलिटरला दोनशेहून जास्त वसाहती. ज्या पाण्यात एकही असता कामा नये त्यात.

माझ्या मते या अख्ख्या घटनाक्रमात सगळ्यांत जड तास हेच. कारण या क्षणी सत्य लेखी स्वरूपात अस्तित्वात होतं, आणि ते एका माणसाच्या टेबलावर येऊन थांबलं. १९९६ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने गावांसाठीच्या सरकारी पाणी प्रयोगशाळा बंद करून ते काम खासगी प्रयोगशाळांकडे जाऊ दिलं, पण वाईट निकाल थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळवण्याची सक्ती त्यांच्यावर घातली नाही. फॅक्स पाठवणारी ही खासगी प्रयोगशाळा मे महिन्यापासूनच गावाचं काम पाहू लागली होती. तिच्या लेखी निकाल गिऱ्हाइकाचा, गोपनीय. गिऱ्हाईक म्हणजे स्टॅन कोबेल. पाणी पिणारे पाच हजार लोक कोणाचंच गिऱ्हाईक नव्हते.

स्टॅनने फॅक्स ठेवून दिला.

७२ तास आधी. गुरुवार, १८ मे

एका शाळेत वीस मुलं गैरहजर. दोन मुलं रक्ताची हगवण लागून जवळच्या ओवेन साउंडच्या रुग्णालयात. पाण्याच्या कचेरीत फोन येऊ लागले: पाणी बरं आहे ना? उत्तर आलं, बरं आहे.

ओ१५७:एच७ पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीनचार दिवस लागतात. १२–१३ मे अधिक तीन–चार दिवस. हिशेब सरळ आहे, पण तो करायला पहिली तारीख हवी, आणि ती ०.७५ च्या खाली पुरलेली होती.

४८ तास आधी. शुक्रवार, १९ मे

सकाळी ओवेन साउंडच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना लक्षणं पाहून ई-कोलायची शंका आली. त्यांनी आरोग्य विभागाला फोन केला. या गोष्टीत आपलं काम वेळेवर केलेली जी मोजकी माणसं दिसतात त्यांतल्या या एक.

आरोग्य विभागाने स्टॅनला विचारलं. तो म्हणाला, पाणी ठीक आहे. दोन दिवसांपूर्वीच्या फॅक्सबद्दल अक्षर काढलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास सात नंबरवर नवं यंत्र एकदाचं बसलं, आणि त्याच दिवसापासून त्याने नळ धुवायला व भरमसाट क्लोरीन सोडायला सुरुवात केली. चूक सुधारायची, पण कोणाला कळू न देता.

याच गोष्टीने पुढचे दोन दिवस सगळ्यांना चकवलं. आता कोणी पाणी तपासलं तर क्लोरीन भरपूर दिसणार. पण आजची शिल्लक आजच्या पाण्याबद्दल सांगते. रुग्णांनी प्यालेलं पाणी गेल्या आठवड्याचं होतं, आणि त्याची साक्ष फक्त नोंदवहीत असायला हवी होती. तिथे ०.७५ लिहिलेलं. खोटी नोंद त्या दिवशी सत्य दडवते, आणि नंतर शोधणाऱ्याला वाट चुकवते, ती अशी.

चौकशीच्या अंदाजानुसार सूचना या शुक्रवारी निघाली असती तर तीनशे ते चारशे आजार टळले असते. मृत्यू मात्र बहुधा टळले नसते. ते पाणी केव्हाच पिऊन झालं होतं.

२४ तास आधी. शनिवार, २० मे

लांबलेली सुट्टी, व्हिक्टोरिया डेचा शनिवार. रुग्णालयातल्या एका नमुन्यात ओ१५७:एच७ ची पहिली खूण मिळाली. आरोग्य विभागाने स्टॅनला आणखी फोन केले, उत्तर तेच. त्याच दिवशी पाणीपुरवठ्यातल्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण मंत्रालयाच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवलं की नमुने नापास झाले आहेत. तिथून विचारणा झाल्यावर स्टॅनने अर्धवट उत्तर देऊन वेळ मारून नेली.

० तास. रविवार, २१ मे, दुपारी १.३०

रोगनिदान पक्कं झालं. पाण्यात काय आहे याचा एकही निकाल हाती नसताना, पाणीपुरवठावाला ‘ठीक आहे’ म्हणत असताना, आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी सूचना काढली: पाणी उकळून प्या. स्थानिक रेडिओवर ती वाचली गेली. दूरचित्रवाणीवर दिली नाही, घरोघर पत्रकं गेली नाहीत. त्या रविवारी जेमतेम अर्ध्या गावाला ती कळली. उरलेल्यांतले काहीजण त्यानंतरही नळाचं पाणी पीत राहिले.

त्यानंतर

२२ मे, पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवशी दुसरा. २३ तारखेला आरोग्य विभागाने स्वतः घेतलेल्या वीस नमुन्यांचे निकाल आले. दोनांत ई-कोलाय निघाला, तोही पाइपलाइनच्या बंद टोकांना, जिथे स्टॅनचं भरमसाट क्लोरीन पोचलं नव्हतं. हे ऐकल्यावर तो कोसळला आणि १५ मेच्या नमुन्यांबद्दल बोलला. त्याच दिवसांत सात नंबरच्या नोंदींचा तक्ता नव्याने लिहून मंत्रालयाच्या माणसाला दिला गेला, विहीर क्लोरीनशिवाय चालली हे दिसू नये म्हणून. म्हणजे माणसं मरू लागल्यावरही हात रकान्याकडेच गेला.

ई-कोलायच्या विषाने २७ जणांची मूत्रपिंडं धोक्यात आली. पाणी उकळण्याची सूचना ५ डिसेंबर २००० रोजी उठली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला. त्यांनी कोबेल भावांना सोडलं नाही, पण सरकारलाही सोडलं नाही: पाच नंबरवर क्लोरीन आणि गढूळपणा अखंड मोजणारी यंत्रं असती तर ही साथ झालीच नसती, असं स्पष्ट लिहिलं. घाण वाढताच यंत्राने घंटा वाजवली असती आणि पंप आपोआप बंद पडला असता. रोज एकदा कुपी धरून खरा आकडा टिपला असता तरी साथ बरीच आटोक्यात राहिली असती. २००४ च्या डिसेंबरात स्टॅनला एक वर्षाचा तुरुंग झाला, फ्रँकला नऊ महिन्यांची घरातली कैद.

शिल्लक क्लोरीनचा खरा आकडा कधी स्थिर नसतो. पाऊस पडला की घसरतो, उन्हाळ्यात घसरतो, टीसीएल जुनी असली की घसरतो. आज ०.४, उद्या ०.२, परवा ०.६ असा तो हेलकावत असतो. तुमच्या गावच्या टाकीपाशी, सोसायटीच्या पंपघरात किंवा ग्रामपंचायतीत ओटीचं रजिस्टर असेल तर ते एकदा मागून घ्या. पंधरा दिवस एकाखाली एक तोच आकडा दिसला तर वाद घालू नका. त्याच क्षणी तुमच्या नळाचं पाणी कुपीत धरायला सांगा, आणि रंग चढतो का ते तुमच्या डोळ्यांनी पाहा.